पाडणारा हात, उठविणारा हात

(टिटवाळा येथे भरलेल्या आपल्या मंडळाच्या वार्षिक स्नेहसंमेलनात, विद्यार्थी गुणगौरवाच्या प्रसंगी केलेले भाषण)



आजच्या या समारंभात चार शब्द बोलण्याची मला आज्ञा झाली, याबद्दल मी कार्यकारी मंडळाचा मनापासून आभारी आहे. परीक्षेत यश मिळविणाऱ्या मुलामुलींच्या जोडीने यंदा शालेय कुस्तीत चमकलेल्या मुलांनाही आपण पारितोषिके देत आहोत, ही गोष्ट मला विशेष समाधानाची वाटते. मी स्वतः कोणी नामांकित मल्ल नव्हे. तरुणपणी तालमीची माती अंगाला लागली आणि पुढे शिक्षकाच्या पेशात असताना शाळकरी मुलांच्या कुस्त्यांना पंच म्हणून उभे राहण्याचे काम बरीच वर्षे वाट्यास आले, एवढाच माझा अधिकार. परंतु पंचाच्या जागेचा एक लाभ असतो. प्रेक्षकांची दृष्टी जिंकणाऱ्यावर खिळलेली असते. पंचाला मात्र दोघांकडेही सारखेच पाहावे लागते. त्या पाहण्यातून जे ध्यानी आले, ते आपल्यापुढे ठेवावे, असा माझा विचार आहे. दावपेचांविषयी मी आज बोलणार नाही. आखाड्यात एक मूल दुसऱ्या मुलाशी जे लहानसहान सौजन्य दाखविते आणि ज्याची नोंद कोणत्याही गुणपत्रिकेवर होत नाही, त्याविषयी बोलणार आहे.

आपण जेथे जमलो आहोत ते हे काळू नदीच्या काठचे टिटवाळे श्रीमहागणपतीच्या स्थानामुळे सर्वांना परिचित आहे. अंगारकी चतुर्थीला कल्याणहून कसाऱ्याकडे जाणाऱ्या गाड्या भाविकांनी कशा भरून येतात, हे येथील मंडळींना सांगावयास नको. येथे कण्वमुनींचा आश्रम होता व शकुंतलेने येथेच गणेशाची आराधना केली, असे परंपरा सांगते. त्या शकुंतलेचा पुत्र सर्वदमन, म्हणजेच पुढे भरत म्हणून प्रसिद्धीस आलेला राजा. सिंहाच्या छाव्याचे दात मोजू पाहणारे ते बालक आपल्या पाठ्यपुस्तकांतून घरोघर पोहोचले आहे. परंतु कालिदासाच्या नाटकाच्या सातव्या अंकातील त्या प्रसंगाचा दुसरा अर्धा भाग आपण बहुधा विसरतो. त्या मुलाजवळ दोन तापसी उभ्या आहेत. मुलाच्या बळाचे नुसते कौतुक करीत त्या बसत नाहीत. छाव्याला सोडून दे म्हणून त्या त्याला परोपरीने विनवितात आणि ऐकेना तेव्हा त्यांपैकी एक त्याच्यासाठी मातीचा रंगीत मोर आणावयास जाते. बळ त्या मुलाच्या अंगी जन्मतःच होते. ते आवरण्याचे शिक्षण मात्र त्याला दुसऱ्या कोणीतरी द्यावे लागले. मुलांच्या कुस्तीविषयी मला जे सांगावयाचे आहे, त्याचे बीज या कथेतच आहे.

कुस्ती हा खेळ इतर खेळांहून एका बाबतीत निराळा आहे. क्रिकेटमध्ये प्रतिस्पर्धी बावीस यार्डांवर उभा असतो, बॅडमिंटनमध्ये जाळ्याच्या पलीकडे असतो. कुस्तीत तो आपल्या मिठीत असतो. त्याचा श्वास आपल्या कानाशी लागतो. त्याची मान, कोपर, गुडघा हे नाजूक सांधे काही क्षण आपल्या हाती असतात आणि आपले त्याच्या हाती असतात. हा परस्परांवरचा विश्वास नसेल तर कुस्ती होऊच शकणार नाही. मारामारी मात्र होईल. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी या खेळाभोवती शिष्टाचाराचे एवढे कुंपण घातले. आखाड्यात उतरताना माती कपाळाला लावावयाची, मारुतिरायाला वंदन करावयाचे, वस्तादांच्या पायांना हात लावावयाचा आणि मग जोडीदाराशी सलामी करावयाची. घामाने अंग निसरडे झाले की दोघे एकमेकांच्या अंगाला माती लावतात. आपली पकड बसावी हा त्यात हेतू असतोच. परंतु तीच माती समोरच्याच्याही हाताला पकड देते, हे ज्याच्या ध्यानी आले त्याला कुस्तीचा धर्म समजला.

तालमीतील शिक्षणही याच तत्त्वावर चालते. हौद्यातील माती चाळावयाची, तीत तेल, ताक, हळद, लिंबू घालून ती मऊ ठेवावयाची, रोज खणून भुसभुशीत करावयाची, हे श्रम कोणासाठी? पडणाऱ्यासाठी. आज पडणारा दुसरा असेल, उद्या आपण असू. मोठा पठ्ठा लहानग्यांना ‘खेळवितो’, म्हणजे आपले सर्व बळ न लावता त्यांना पट काढू देतो, चूक झाली की थांबून दाखवितो. जोडीदारावाचून कोणीही मल्ल झालेला नाही. एकट्याने जोर-बैठका काढता येतील, दोर चढता येईल, परंतु एकट्याने कुस्ती शिकता यावयाची नाही. तेव्हा जोडीदार हा आपला शत्रू नसून आपल्या विद्येचा भागीदार आहे, ही गोष्ट मुलाच्या मनावर पहिल्या दिवसापासून बिंबविली पाहिजे.

आता पंच म्हणून पाहिलेल्या काही लहान गोष्टी सांगतो. एका कुस्तीत एका मुलाने समोरच्याला कमरेतून उचलले. उचल उत्तम होती, गुण निश्चित होते. पण पाडता पाडता त्याच्या लक्षात आले की, हा मानेवर जाणार. त्याने आपला गुडघा आधी टेकला व जोडीदाराला कडेवरून उतरविल्यासारखे खाली घेतले. गुण कमी मिळाले, मान वाचली. दुसऱ्या एका कुस्तीत एकाच्या लंगोटाची गाठ सैल झाली. समोरचा मुलगा चटकन दोन पावले मागे सरला आणि पंचांनी सांगण्यापूर्वीच पाठ फिरवून उभा राहिला. एका स्पर्धेत गादीवरच्या कुस्तीसाठी लागणारे बूट एका गरीब मुलाजवळ नव्हते. ज्याने आपली कुस्ती आटोपली होती, त्याने आपले बूट काढून त्याच्यापुढे ठेवले. जत्रेतल्या फडात लहान मुलांच्या कुस्त्या रेवड्यांवर लावण्याची आपल्याकडे जुनी चाल आहे. जिंकलेल्या पोराने मुठीतल्या रेवड्यांतील अर्ध्या हरलेल्याच्या हाती ठेवल्या आणि दोघेही त्या खात खात पुढची कुस्ती पाहावयास एकाच ठिकाणी बसले, हे दृश्य तर मी अनेक वेळा पाहिले आहे.

परंतु ज्या एका प्रसंगाने मला विचार करावयास लावले, तो असा. एक बारा-तेरा वर्षांचा मुलगा पहिल्याच फेरीत काही क्षणांत चीत झाला. कडेला कोणी मोठ्याने हसले. त्याचे वडील काही न बोलता उठून निघून गेले. मुलगा भिंतीकडे तोंड करून बसला होता. ज्याने त्याला हरविले होते, तो मुलगा त्याच्याजवळ जाऊन बसला आणि त्याला म्हणाला, “तू सुरुवातीला जो पट काढलास ना, तो मला जमत नाही. परत एकदा दाखव.” हरलेला मुलगा थोडा वेळ तसाच बसला, मग डोळे पुसून उठला आणि दोघांनी कडेलाच तो पट चार-पाच वेळा करून पाहिला. पुढल्या वर्षी हरलेला मुलगा पुन्हा स्पर्धेस आला. तो जिंकला की हरला, हे आता माझ्या स्मरणात नाही. तो आला, हे मात्र पक्के स्मरणात आहे. मित्रहो, पराभवाने मुले खेळ सोडत नाहीत. पराभवानंतर एकटे पडल्यामुळे सोडतात. त्या दिवशी त्या मुलाला खेळात कोणी राखले? वडिलांनी नव्हे, पंचांनीही नव्हे. त्याला पाडणाऱ्यानेच राखले.

येथे एक खुलासा केला पाहिजे. सौजन्य म्हणजे ढिलाई नव्हे. समोरच्याची कीव येऊन मुद्दाम पडणे, अथवा आधी ठरवून कुस्ती करणे, ज्याला आपण नुरा कुस्ती म्हणतो, हा तर खेळाचा अपमान आहे आणि समोरच्याचाही. प्रामाणिक प्रतिस्पर्ध्याला आपले पूर्ण बळ देणे हाच त्याचा पहिला सन्मान होय. नियमात राहून, पूर्ण ताकदीने आणि त्याचे अंग सांभाळून लढावे. कोपर पाठीवर निषिद्ध मर्यादेपलीकडे मुरगाळू नये, बोटे पिरगाळू नयेत, शिटी वाजताच पकड सोडावी. एवढे केले म्हणजे मग कितीही आवेशाने लढावे.

या गोष्टी केवळ मुलांच्या खेळातल्या आहेत, मोठेपणी त्यांना कोण विचारतो, असे कोणी म्हणेल. त्याला उत्तर म्हणून जानेवारी २०२० मधील महाराष्ट्र केसरी स्पर्धेचे उदाहरण देतो. पुण्यात बालेवाडी येथे झालेल्या त्या स्पर्धेच्या अंतिम कुस्तीत नाशिकचा हर्षवर्धन सदगीर आणि लातूरचा शैलेश शेळके समोरासमोर आले. दोघेही अर्जुन पुरस्काराचे मानकरी काका पवार यांचे शिष्य, एकाच तालमीत घाम गाळलेले. चुरशीच्या लढतीत हर्षवर्धनने ३-२ अशा गुणांनी बाजी मारली. सामान्यतः अशा वेळी विजेत्याला इतर लोक खांद्यावर घेतात. येथे विजेत्यानेच पराभूत मित्राला खांद्यावर उचलून घेतले आणि तसाच तो मैदानात फिरला. त्या वर्षीची गदा कोणी जिंकली हे पुष्कळांस आठवत नसेल, परंतु ते दृश्य मात्र महाराष्ट्र विसरलेला नाही. एका तालमीत एकमेकांना रोज पाडणाऱ्या व रोज उठविणाऱ्या हातांना ती सवयच लागलेली होती, असे मला वाटते.

दुसरे उदाहरण आपल्या शेजारचे. मार्च २०२३ मध्ये सांगली येथे महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी स्पर्धा झाली. अंतिम कुस्ती सांगलीची प्रतीक्षा बागडी आणि आपल्या कल्याणची वैष्णवी पाटील यांच्यात झाली. प्रतीक्षा विजयी झाली व पहिली महिला महाराष्ट्र केसरी म्हणून तिचे नाव कायमचे नोंदले गेले. पण वैष्णवीची वाटचाल तेथे थांबली नाही. २०२५ साली जागतिक अजिंक्यपद स्पर्धेसाठी भारतीय संघात तिची निवड झाली. उपविजेतेपद म्हणजे शेवट नव्हे, हे आपल्या तालुक्यातील मुलींना यापेक्षा जवळच्या उदाहरणाने कसे सांगावे? ज्या दिवशी मूल हरते, त्या दिवशी त्याच्या भोवतालची माणसे त्याच्याशी कशी वागतात, यावर ते पुन्हा उभे राहील की नाही, हे पुष्कळसे अवलंबून असते.

आणि सौजन्याचा अभाव किती महाग पडतो, हेही पाहण्यासारखे आहे. सातारा जिल्ह्यातील गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९४८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये सहावा क्रमांक मिळविला होता. १९५२ साली हेलसिंकीला जाण्यासाठी पैशांची अडचण पडली, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयाचे प्राचार्य बॅरिस्टर खर्डेकर यांनी आपले राहते घर गहाण ठेवून ७,००० रुपये उभे केले. खाशाबांनी तेथे कांस्यपदक जिंकले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक होय. परतल्यावर कोल्हापुरात कुस्त्यांचे फड भरवून त्या उत्पन्नातून त्यांनी प्राचार्यांचे ते ऋण फेडले. हे सारे आपणांस ठाऊक असेल. परंतु त्याच स्पर्धेची आणखी एक हकीकत सांगितली जाते. जपानच्या शोहाची इशीशी दीर्घ व थकविणारी कुस्ती झाल्यावर खाशाबांना लगेच सोव्हिएत मल्लाशी लढावयास बोलाविण्यात आले. दोन कुस्त्यांच्या मध्ये अर्धा तास विश्रांती मिळावी असा नियम होता. पण तो दाखवून देण्यासाठी त्या वेळी एकही भारतीय अधिकारी जागेवर नव्हता. घर गहाण टाकण्याइतके मोठे मन एकीकडे, आणि दुसरीकडे खेळाडूच्या बाजूने एक शब्द बोलावयास माणूस नाही! मोठ्या त्यागाची संधी थोड्यांनाच मिळते. परंतु वेळेवर हजर राहणे, पाणी देणे, एक शब्द बोलणे, हे तर आपल्यापैकी प्रत्येकाला शक्य आहे.

राग येणे स्वाभाविक आहे. कुस्तीत रक्त तापलेले असते. फेब्रुवारी २०२५ मध्ये अहिल्यानगर येथील महाराष्ट्र केसरी स्पर्धेत निकालावरून वाद होऊन एका नामवंत मल्लाने पंचांना लाथ मारली आणि पुढे दोघा मल्लांवर तीन वर्षांची बंदी जाहीर झाली. निकाल बरोबर होता की चूक, याचा निवाडा मी येथे करू इच्छित नाही. निकाल चुकीचा असेल तर दाद मागण्याचे मार्ग असतात. मला चिंता वाटते ती दूरदर्शनवर तो प्रसंग पाहणाऱ्या दहा वर्षांच्या मुलांची. त्यांना उलट बाजूचे उदाहरणही दाखविले पाहिजे. ऑगस्ट २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकच्या उपांत्य कुस्तीत कझाकस्तानच्या मल्लाने आपल्या रवि कुमार दहियाच्या दंडाला चावा घेतला. रविने पकड सोडली नाही आणि कुस्ती जिंकली. नंतर त्या मल्लाने येऊन क्षमा मागितली. दोघांनी आलिंगन दिले आणि रविने तो विषय तेथेच संपविला. दंडावर दातांचे वळ असताना क्षमा करणे याला मी दुबळेपणा म्हणणार नाही. जपानच्या सुमो कुस्तीत तर विजेत्याने आनंदाचे प्रदर्शनही करावयाचे नसते. दोघांनी परस्परांस वाकून वंदन करावयाचे व निघावयाचे, अशी रीत आहे.

आता एक गोष्ट थोड्या संकोचाने, परंतु आपल्याच माणसांत म्हणून बोलतो. आपली ही ज्ञातिसंस्था आहे. आपल्या मुलाचा आपल्याला अभिमान वाटावा, हे योग्यच. परंतु फडाच्या कडेला उभे राहून ‘आपला’ आणि ‘त्यांचा’ असा घोष सुरू झाला की, त्या लहान मुलाच्या खांद्यावर आपण साऱ्या समाजाची प्रतिष्ठा लादतो. मग ते खेळत नाही, लढाई करते. कोल्हापूरच्या राजर्षी शाहू महाराजांनी खासबागेचे भव्य मैदान उभारले व ते १९१२ साली पूर्ण झाले. त्यांनी सर्व जातिधर्मांच्या मल्लांना आश्रय दिला, हे आपण विसरता कामा नये. लाल माती अंगाला लागल्यावर कोण कोणत्या घरचा, हे ओळखू येत नाही. ती मातीची थोरवी आहे. आपला मुलगा दुसऱ्या समाजाच्या मुलाला हात देऊन उठवील, तेव्हा आपल्या मंडळाची प्रतिष्ठा वाढेल. त्याला पाडून छाती बडविल्याने वाढणार नाही.

शेवटी पालकांना तीन विनंत्या करतो. पहिली ही की, कुस्ती चालू असताना ‘मोड’, ‘दाब’, ‘सोडू नको’ असे ओरडणे टाळावे. शिकविण्याचे काम वस्तादांचे आहे. आपले काम टाळी वाजविण्याचे, आणि ती दोघांसाठी वाजविण्याचे. दुसरी ही की, मूल घरी आल्यावर ‘जिंकलास का?’ हा प्रश्न पहिला विचारू नये. ‘तुझा जोडीदार कसा होता? त्याला कुठे लागले नाही ना?’ असे विचारून पाहावे. उत्तर देताना मूल आपोआप दुसऱ्याकडे पाहावयास शिकेल. तिसरी विनंती नव्या काळाची आहे. आजकाल प्रत्येकाच्या हातात मोबाईल असतो आणि कुस्तीचे चित्रण क्षणात शंभर घरी जाते. आपल्या मुलाचा विजय अवश्य जपून ठेवावा. परंतु दुसऱ्याच्या मुलाचा पराभव हसण्यासाठी फिरवू नये. तेही कोणाचे तरी लेकरू आहे.

आणि कार्यकारी मंडळास एक सूचना. पुढील वर्षापासून या गुणगौरवात एक नारळ अशा मुलासाठी अथवा मुलीसाठी ठेवावा, ज्याच्याविषयी प्रतिस्पर्ध्याच्या वस्तादांनी चांगला शब्द लिहून दिला असेल. पदक नसले तरी चालेल. त्यासाठी फार खर्च यावयाचा नाही. परंतु आपण कशाला मोठे मानतो, हे मुलांना समजेल.

बालमित्रांनो, तुम्हांला आज जी पारितोषिके मिळाली, त्याबद्दल तुमचे मनःपूर्वक अभिनंदन. भरपूर मेहनत करा, दूध प्या, अभ्यास करा, वस्तादांचे ऐका. पाडावयाचे तेव्हा न कचरता पाडा. परंतु ज्या हाताने पाडाल, तोच हात लगेच पुढे करा. समोरचा उठला, की मगच कुस्ती संपली असे समजा.